‘विंड ऑफ चेंज’ सीआयएनं लिहिलं? आधी तारखा बघा

गेली काही वर्षं एक मजकूर फिरतोय. स्कॉर्पियन्स या जर्मन हार्ड रॉक बँडचं ‘विंड ऑफ चेंज’ हे गाजलेलं गाणं बँडनं लिहिलेलंच नाही. ते अमेरिकेच्या सीआयएनं तयार करून त्यांच्या तोंडी घातलं, त्या गाण्यानं बर्लिनची भिंत पाडली आणि पाठोपाठ सोव्हिएत संघही मोडला. मजकुराखाली हमखास एक पुरवणी असते: ‘यावर अमेरिकन पत्रकारानं पुराव्यानिशी मालिका केली आहे.’

या पुरवणीचा निकाल आधी लावू. पॅट्रिक रॅडन कीफ या पत्रकारानं 2020 साली या अफवेवर आठ भागांची पॉडकास्ट मालिका केली, हे खरं. मालिका झकास आहे, ऐकाच. पण तिची सुरुवात एका मित्राकडून कानावर आलेल्या ऐकीव गोष्टीनं होते आणि शेवटापर्यंत तिला पक्का पुरावा सापडत नाही. कीफनं गायक क्लाउस माइनला समोर बसवून थेट विचारलं, तेव्हा माइननं चकित होऊन ते हसण्यावारी नेलं. आपल्याकडे पोचेपर्यंत त्या मालिकेतलं प्रश्नचिन्ह तेवढं गळून पडलं.

आता भिंत. बर्लिनची भिंत उघडली 9 नोव्हेंबर 1989 ला. ‘विंड ऑफ चेंज’ ज्या अल्बममध्ये आहे तो ‘क्रेझी वर्ल्ड’ दुकानात आला नोव्हेंबर 1990 मध्ये. म्हणजे भिंत उघडून वर्ष होत आलं होतं, 3 ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एकत्रही झाले होते. सिंगल म्हणून गाणं बाजारात आलं 1991 च्या सुरुवातीला. भिंत पडली त्या रात्री हे गाणं जगात कुणी विकत घेऊ शकत नव्हतं की रेडिओवर ऐकू शकत नव्हतं. भिंतीमागे होतं ते वेगळंच: हंगेरीनं सप्टेंबर 1989 मध्ये पूर्व जर्मनांसाठी उघडलेली सीमा, लाइपझिगच्या रस्त्यांवर दर सोमवारी निघणारे मोर्चे, आणि सीमा कधीपासून खुली, या प्रश्नावर गुंटर शाबोव्स्की या पूर्व जर्मन पक्षनेत्यानं पत्रकारांसमोर गडबडीत ‘ताबडतोब’ असं म्हणून टाकणं.

मग इतक्या लोकांच्या डोक्यात हे गाणं भिंतीला चिकटलं कसं? एक तर व्हिडिओमुळे. त्यात भिंतीची दृश्यं पेरलेली आहेत आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती भिंत या गाण्यासकटच पाहिली. दुसरं, जुलै 1990 मध्ये ‘पिंक फ्लॉइड’ या बँडमधल्या रॉजर वॉटर्सनं बर्लिनमध्ये, जिथून भिंत जात होती त्याच पट्ट्यात, प्रचंड कार्यक्रम केला. त्यात स्कॉर्पियन्स होते, पण गायले वॉटर्सच्या कार्यक्रमातलं गाणं. तिसरं, 1999 मध्ये भिंत पडल्याच्या दशकपूर्तीला त्यांनी ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी हे गाणं खरंच सादर केलं, रोस्ट्रोपोविचसारखा थोर चेलोवादक सोबत घेऊन. हे सगळं आठवणीत एकत्र कालवलं गेलं. (भिंतीवर 1989 सरताना खरोखर गायलेला माणूस म्हणजे डेव्हिड हॅसलहॉफ. पण ‘बेवॉच’वाल्यानं साम्राज्य पाडलं, ही कथा फॉरवर्ड करायला कुणाला आवडणार?)

भिंतीचं जमत नाही म्हटल्यावर मंडळी सोव्हिएत संघाकडे वळतात. इथे तारखा वरवर जुळतात: गाणं 1991 च्या उन्हाळ्यात युरोपभर वाजत होतं, जर्मनीत पहिल्या क्रमांकावर, अमेरिकेत चौथ्यापर्यंत, ऑगस्टमध्ये मॉस्कोत बंड झालं, फसलं, आणि डिसेंबरात संघ विसर्जित झाला. पण लिथुआनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं मार्च 1990 मध्ये, अल्बम यायच्या कितीतरी आधी. तेलाचे भाव कोसळले होते, अफगाणिस्तानात सैन्य पोळलं होतं, चेर्नोबिल झालं होतं.

आणि गाण्यांनीच काही हललं असेल, तर ती गाणी त्या लोकांची स्वतःची होती. एस्टोनियात 1988 च्या उन्हाळ्यात लाखो माणसं टालिनच्या मैदानात जमून आपल्या भाषेत, बंदी असलेली देशगीतं गात होती. त्या लढ्याला नावच ‘गाणारी क्रांती’ पडलं. रशियन पोरांकडे व्हिक्टर त्सोय होता. त्याच्या ‘किनो’ या लेनिनग्राडच्या बँडचं ‘बदल हवेत’ अशा अर्थाचं गाणं 1986 पासून गाजत होतं. स्कॉर्पियन्सचा अल्बम यायच्या आधीच, ऑगस्ट 1990 मध्ये त्सोय गाडीच्या अपघातात गेला. बदलाची हाक रशियनमध्ये दिली गेली होती, आणि ती द्यायला कुणा जर्मनाची किंवा लँग्लीतल्या, म्हणजे सीआयएच्या मुख्यालयातल्या, कारकुनाची गरज पडली नव्हती. मला या फॉरवर्डचा खरा राग येतो तो इथे. रस्त्यावर उतरलेली माणसं त्यात कुठेच नाहीत. सगळं श्रेय अमेरिकेच्या एका कचेरीला.

‘पण जर्मन माणूस इतकं सोपं, नेमकं इंग्रजी लिहील?’ स्कॉर्पियन्स 1972 च्या पहिल्या अल्बमपासून इंग्रजीतच गातायत. पुढे चला.

गाणं आलं कुठून, याची हकिगत माइननं अनेकदा सांगितली आहे आणि तिच्यात गूढ फार थोडं आहे. 1988 च्या एप्रिलमध्ये बँड लेनिनग्राडला जाऊन सलग कार्यक्रम करून आला होता. ऑगस्ट 1989 मध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर दोन दिवसांचा मोठा महोत्सव झाला: ऑझी ऑस्बोर्न, बॉन जोव्ही, मॉटली क्रू, स्किड रो, सिंडरेला, स्थानिक ‘गोर्की पार्क’ आणि स्कॉर्पियन्स. बंदोबस्ताला असलेले सैनिक पाठ फिरवून मंचाकडे बघायला लागले, हे माइननं पाहिलं. एका संध्याकाळी सगळे बोटीतून मॉस्क्वा नदीनं गोर्की पार्कला गेले. गाण्याची पहिली ओळ म्हणजे जवळजवळ त्या फेरीची नोंद आहे. घरी परतल्यावर त्यानं गाणं लिहिलं. शब्द आणि चाल, दोन्ही श्रेयं एकट्या माइनच्या नावावर आहेत. पुढचं जास्त बोलकं आहे. सुरुवातीची ती शीळ रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना खटकली होती, ती काढा म्हणत होते. आणि अल्बममधलं पहिलं सिंगल म्हणून त्यांनी निवडलं ‘टीझ मी प्लीझ मी’. महासत्ता पाडायला घडवलेलं शस्त्र कुणी असं रांगेत मागे उभं करत नाही.

आता त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा: सीआयए असले उद्योग करायची. करायचीच. रशियन लेखक पास्तरनाकची ‘डॉक्टर झिवागो’ ही कादंबरी सोव्हिएत संघात छापू दिली जात नव्हती, तेव्हा सीआयएनं तिची रशियन आवृत्ती छापवून घेतली आणि 1958 च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात सोव्हिएत पाहुण्यांच्या हाती पोचवली. ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या लेखक-विचारवंतांच्या कम्युनिस्टविरोधी संस्थेला सीआयएचाच पैसा होता. ही संस्था मुंबईपर्यंत आली होती. 1951 मध्ये इथे तिची परिषद भरली आणि 1955 पासून तिच्या भारतीय समितीचं ‘क्वेस्ट’ हे नियतकालिक निघू लागलं, पहिले संपादक निसिम एझिकिएल. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात या पैशाचं मूळ उघड झालं तेव्हा इथल्या लेखकांचीही पंचाईत झाली. पण या प्रकरणांत नीट बघा. सीआयएनं पास्तरनाकच्या नावावर कादंबरी लिहिली नाही की एझिकिएलची कविता रचली नाही. जे आधीच लिहिलं जात होतं त्याला तिनं पैसा, छापखाना, वाट पुरवली. हे दाखले देऊन ‘गाणं सीआयएनं लिहिलं’ म्हणता येत नाही. फार तर ‘प्रसाराला हात लावला का’ हा प्रश्न विचारता येतो, आणि तोही प्रश्नच.

डॉक मॅकगीचं नाव इथेच काढलं जातं. मॉस्कोच्या महोत्सवाचा हा अमेरिकन कर्ताकरविता तेव्हा स्कॉर्पियन्सचाही मॅनेजर होता, आणि गांजाच्या तस्करीच्या खटल्यात गुन्हा कबूल करूनही तुरुंगात गेला नाही. संशय यावा असंच आहे, मान्य. फक्त त्या निकालाच्या अटी कोर्टातच ठरल्या होत्या: दंड भरायचा, व्यसनविरोधी काम उभं करायचं, मॉस्कोचा महोत्सव त्याच कामाच्या नावानं भरला. त्यात आणखी कुणाचा हात होता असं वादासाठी धरलं, तरी गाणं महोत्सवानंतर लिहिलं गेलं, दुसऱ्या माणसाकडून, दुसऱ्या देशात.

राहता राहिलं ‘सीआयएनं कधी ठाम नाकारलेलं नाही’. दुजोरा नाही आणि इन्कारही नाही, हे त्या संस्थेचं सत्तरच्या दशकापासूनचं ठरीव उत्तर आहे. ‘झिवागो’च्या बाबतीतही वर्षानुवर्षं कुजबुजच होती, 2014 मध्ये संस्थेनं स्वतःची कागदपत्रं खुली केली आणि प्रश्न मिटला. तसा एक कागद या गाण्याबद्दल दाखवा.