सिंहगड रस्त्यावरचे मालक

2010च्या नोव्हेंबरात पुण्याहून दादाचा फोन आला. ‘अगं, तुमच्या गावचा क्लब आपण घेतला!’ आवाज असा, जणू पानिपतचं उट्टं निघालं. मला इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नला येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. फुटबॉलमधलं मला एवढंच कळायचं, की सामना असलेल्या शनिवारी बोल्टन रोडने घरी जायचं नाही.

‘आपण’ म्हणजे व्यंकीज. सिंहगड रस्त्यावरून ये-जा करणाऱ्याला व्यंकटेश्वरा हाउस ठाऊक असतं. 1971पासून कोंबड्या आणि अंड्यांच्या धंद्यात असलेल्या या पुण्याच्या कंपनीने सुमारे 2 कोटी 30 लाख पाउंड मोजून ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इथला फुटबॉल क्लब विकत घेतला. दादाच्या ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं, आता त्यांचा खेळ आपल्या खिशात, असा एकूण सूर.

महिन्याभरात नव्या मालकांनी मॅनेजर सॅम अलार्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या जागेवर आणलेल्या स्टीव्ह कीन यांच्या हाताखाली 2012च्या मे महिन्यात विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतून, बाहेर पडला. त्या सामन्यात प्रेक्षकांतून कुणीतरी क्लबच्या रंगांत गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. टीव्हीवर ती सैरावैरा पळताना पाहून दादा हसला. माझ्या शेजारचे आजोबा मात्र दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

पुढचा हंगाम तर तमाशाच होता. हेनिंग बर्ग 57 दिवस टिकले, मायकल अ‍ॅपलटन 67. पुण्यात भाडेकरूसुद्धा अकरा महिन्यांचा करार करतो. 2017मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकल्यावर इतक्या खाली गेलेला तो पहिला क्लब. वर्षभरात पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला खरा, पण वरचं दार काही उघडलं नाही.

एवढं सगळं एका क्लबसाठी मनाला का लावून घ्यायचं, हे मला आजोबांनी शिकवलं. त्यांची आजी इथल्या गिरणीत मागावर होती. एकेकाळी ब्लॅकबर्नच्या मागांवर हिंदुस्थानात खपणारी धोतरं विणली जायची आणि इथल्या व्यापाऱ्यांच्या वहीत ‘धोती’ हाच शब्द असे. मी पुण्याची म्हटल्यावर आजोबांनी पहिल्यांदा विचारलं ते व्यंकीजबद्दल नाही, गांधींबद्दल. 1931च्या सप्टेंबरात गांधीजी शेजारच्या डार्वेनला येऊन राहिले होते. त्यांच्या बहिष्काराने ज्यांचा रोजगार बुडत होता, त्याच गिरणी कामगारांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. मला 1905ची पुण्यातली विलायती कपड्यांची होळी आठवली. शाळेत ती शिकताना त्या कापडाच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी आजी असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

अशा गिरण्यांच्या गावात 1875मध्ये रोव्हर्सची स्थापना झाली. तेव्हा फुटबॉल बड्या शाळांतून शिकून आलेल्या साहेब लोकांचा होता. 1883मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या इथल्याच दुसऱ्या संघाने, ज्यात विणकर आणि इतर कामकरी खेळत होते, इटन या अशाच बड्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना अंतिम सामन्यात हरवून एफए कप हा देशातला मानाचा चषक उत्तरेत आणला. पुढची तीन वर्षं, 1884 ते 1886, तो रोव्हर्सने जिंकला. पैसे घेऊन खेळण्याला 1885मध्ये अधिकृत मान्यता मिळाली, कारण पोट भरल्याशिवाय खेळायला कामगाराला परवडत नाही, हे लँकेशरच्या, म्हणजे आमच्या या परगण्यातल्या, क्लबांनी मान्य करायला लावलं. 1888मध्ये लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांत रोव्हर्स होता. आणि ऑलिंपिक? इतिहास घडवून सहा वर्षांत, 1889मध्ये, पैशाअभावी बंद पडला. त्याचं नाव आता फक्त हौशी अभ्यासकांच्या तोंडी येतं.

म्हणून पैसा वाईट, असं इथला जुना चाहता कधी म्हणत नाही. यूवुड पार्क या रोव्हर्सच्या 1890पासूनच्या मैदानाबाहेर जॅक वॉकर यांचा पुतळा आहे. इथलाच माणूस, पोलादाच्या व्यापारात गब्बर झालेला. 1990च्या सुमारास धंदा विकून त्याने क्लब हाती घेतला, केनी डॅलग्लिशना मॅनेजर केलं, अ‍ॅलन शिअररला आणलं. 1995मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलला 2-1 असा हरला, पण मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने 1-1 असं रोखलं आणि 81 वर्षांनी लीगचं विजेतेपद गावात आलं. विकत घेतलेलं यश, असं तेव्हा बाकीचा देश नाक मुरडून म्हणाला. आजोबा म्हणतात, ‘घेतलं विकत. आमच्याच माणसाने, आमच्यासाठी.’

मग व्यंकीजचं नेमकं काय चुकलं? पैसा त्यांनीही ओतला. वर्षामागून वर्ष तोटा भरून काढला, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येत नाही. 2023पासून मात्र सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागायची वेळ आली, आणि इथला चहावाला मला ईडी म्हणजे काय ते विचारू लागला. 2024च्या फेब्रुवारीत याच गावात जन्मलेला, क्लबच्याच अकादमीत वाढलेला अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. सहा महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो संघात होता.

पण खरा राग याचाही नाही. मालक परदेशी आहेत याचा तर नाहीच, निदान मी ज्यांच्यात वावरते त्यांचा. तक्रार एवढीच, की मालक दिसत नाहीत. मैदानावर फिरकत नाहीत, बोलत नाहीत. वॉकर स्टँडमध्ये बसायचे, समोर दिसायचे. शिव्या द्यायला समोर माणूस नसला की माणसं कोंबडी सोडतात.

हे मी दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘ते व्यंकीजचे राव कुठे मराठी आहेत? मूळचे हैदराबादकडचे.’ हे मला फार आवडतं. क्लब घेतला तेव्हा पुण्याची कंपनी, क्लब बुडाला तेव्हा परप्रांतीय. तिकडे भूमिपुत्र कोण आणि उपरा कोण यावर दर निवडणुकीत घसे कोरडे होतात. इथे आम्हीच उपरे, आणि गावाचं दैवत आमच्या माणसांच्या ताब्यात. भूमिपुत्रांची बाजू काय असते, हे समजून घ्यायला याहून बरी जागा मिळायची नाही.

दुसरी गोष्ट जास्त झोंबते. पुण्याने गेल्या काही वर्षांत किती संघ गमावले? पुणे एफसी गेला. डीएसके शिवाजीयन्स गेला. आयएसएल या देशातल्या फुटबॉल लीगमधला एफसी पुणे सिटी 2019मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं. क्रिकेटमधले पुणे वॉरियर्स आणि सुपरजायंट्सही आले नि गेले. कुणी मोर्चा काढला? अग्रलेख तरी लिहिला? एफसी पुणे सिटी गेल्याचं मला कित्येक महिन्यांनी कळलं, तेही बोलता बोलता. इथे 2019मध्येच जवळच्या बरी गावाचा क्लब लीगमधून काढला गेला, तर माणसं कुटुंबातलं कुणी गेल्यासारखी रडली. बरीसारखं पुन्हा होऊ नये ही मागणी लावून धरल्यामुळे, इतर कारणांबरोबर, 2025मध्ये संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा केला.

आपल्याकडे हा जीव मी फक्त कोल्हापुरात पाहिलाय. माझे मामा मंगळवार पेठेतले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला की त्यांच्या घरात दुपारचं जेवण अकराला उरकायचं. ते संघ तालमींचे, पेठांचे. विकायचे म्हटले तरी विकत घेणार कोण आणि कुणाकडून? त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2019मध्ये काही महिने सरावासाठी रोव्हर्सकडे आला होता. पुण्याचे मालक, कोल्हापूरचा पोरगा, लँकेशरचं मैदान. या व्यवहारात मला मनापासून आपलं वाटलं ते एवढंच.

मागच्या वर्षी दादा इथे आला. यूवुड पार्कसमोर फोटो हवाच होता. आजोबाही बरोबर आले. वॉकरच्या पुतळ्यापाशी त्यांनी दादाचा हात धरला आणि म्हणाले, ‘तुम्ही त्यांच्या गावचे ना? त्यांना सांगा, एकदा येऊन बसा. हरलो तरी चालेल.’ दादाला त्यांचं लँकेशरी इंग्रजी निम्मंच कळलं, पण हात त्याने सोडवून घेतला नाही.

आता रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. गेल्या आठवड्यातही आला.

‘काल हरलात ना गं तुम्ही?’

‘हो रे,’ मी म्हटलं. ‘हरलो.’