अलास्का क्रूझवर स्पाला पैसे घालावेत का?

उन्हाळा आला, भारतातून आई-बाबा आले, की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर हा प्रश्न हमखास पडतो. अलास्काची क्रूझ बुक केली आहे, बोटीवरच्या स्पाचं पॅकेज घ्यावं का? उत्तरं दोनच प्रकारची येतात. एक तर ‘आयुष्यात एकदाच जाताय, घेऊन टाका’ किंवा मग ‘शुद्ध लूट आहे’. मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. मसाज आणि फेशियल घराजवळही मिळतं, बरेचदा जास्त निवांत आणि कितीतरी कमी पैशांत. बोटीवर स्पासाठी पैसे घालायचेच असतील तर ते थर्मल सूटच्या पासात घाला.

थर्मल सूट म्हणजे गरम खोल्यांचा विभाग. सोना (कोरड्या उष्णतेची खोली), वाफेची खोली, काही बोटींवर कोमट पाण्याचा मोठा टब, आणि पाठीच्या वळणाप्रमाणे घडवलेले, आतून तापवलेले टाइल्सचे बाक. चांगल्या बोटींवर हे बाक मोठ्या काचेसमोर मांडलेले असतात. पास बहुधा पूर्ण सफरीचा असतो, म्हणजे सात रात्रींत वाटेल तितक्या वेळा जा. तिथे कोणी घड्याळ लावून बसत नाही.

कॅरिबियनच्या उन्हात मी हा सल्ला इतक्या ठामपणे दिला नसता. अलास्काची गोष्ट वेगळी. तिथे जुलैतही हिमनदीजवळच्या वाऱ्याने बोटं गारठतात, आणि केचिकन या बंदराला तर पाऊस पाचवीला पुजलेला. माझी आई तिथल्या क्रीक स्ट्रीटच्या ओल्या लाकडी फळ्यांवरून जपून पावलं टाकत फिरली आणि बोटीवर परतली तेव्हा तिचे गुडघे अक्षरशः बोलत होते. तिला तशीच थर्मल सूटमध्ये घेऊन गेले. त्या बाकावर पाय लांब केले आणि दोन मिनिटांनी म्हणाली, “अगं, हे तर बाळंतिणीच्या शेक-शेगडीसारखं आहे!” समोर काच, काचेपलीकडे धुक्यात अर्धे बुडालेले देवदारांचे डोंगर. नंतर ती रोज जेवणाआधी स्वतःहून तिथे जायला लागली.

आपल्याकडच्या बायकांना पहिला प्रश्न कपड्यांचा पडतो. हा विभाग बहुतेक बोटींवर स्त्री-पुरुषांचा एकत्र असतो आणि पोहण्याचे कपडे लागतात. आईसाठी लांब बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा ड्रेस घेतला होता, वरून बोटीवर मिळणारा झगा. तिथे कोणाचं कोणाकडे लक्ष नसतं हे एकदा कळलं, की संकोच जातो.

काही ठिकाणी यासाठी वेगळे पैसे मोजावेच लागत नाहीत. व्हायकिंग या क्रूझ कंपनीच्या समुद्री बोटींवर हा विभाग, बर्फाच्या खोलीसकट, सगळ्या प्रवाशांना तिकिटातच मिळतो. सेलिब्रिटी या दुसऱ्या क्रूझ कंपनीच्या ॲक्वाक्लास नावाच्या केबिनच्या भाड्यातही तो धरलेला असतो. काही बोटींवर कपडे बदलायच्या खोलीला लागून साधी सोना फुकट असते. बुकिंग करतानाच विचारून ठेवा. (गरम खोलीचं वेगळं तिकीट हा प्रकार नवा नाही. 1912 साली टायटॅनिकवर फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी टर्किश बाथ होता आणि त्याचेही पैसे वेगळे पडायचे.)

आता मसाज. 50 मिनिटांना साधारण दीडशे ते दोनशे डॉलर, आणि त्यावर 18 ते 20 टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत पहिलाच आकडा असतो, त्यामुळे हिशेब सर्व्हिस चार्ज धरूनच करा. जवळपास तेवढ्याच पैशांत स्केगवे या बंदरावरून व्हाइट पासच्या जुन्या रेल्वेने डोंगर चढून येता येतं. सोन्याच्या शोधात लोक तिकडे धावत होते त्या काळात, 1898 ते 1900 मध्ये, बांधलेला तो मार्ग आहे. आई-बाबांसाठी दोन्हींतलं एकच निवडायचं झालं, तर मी डोळे मिटून रेल्वे निवडेन.

मसाज मुळात वाईट नाही. कंबर किंवा मान आखडली असेल तर काही दिवस आराम पडतो, आणि तेवढ्यासाठी कोणी आनंदाने पैसे खर्च केले तर मी नावं ठेवणार नाही. बोट बंदराला लागलेली असते त्या दिवशी दर उतरतात, कारण सगळे खाली उतरलेले असतात. तुम्ही ज्या बंदरात उतरणार नाही, तो दिवस धरा. पण बोट ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या राष्ट्रीय उद्यानात जाते त्या दिवशी कितीही सूट मिळाली तरी घेऊ नका. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ बोटींना प्रवेश असतो, पार्कचे रेंजर बोटीवर येऊन माहिती सांगतात, मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबते. तेव्हा अंधाऱ्या खोलीत पालथं पडून राहायचं नसतं.

मला खरा राग आहे तो मसाजनंतर जे होतं त्याचा. पाण्याचा ग्लास येतो आणि त्याबरोबर एक कागद. त्यावर शरीराचं चित्र, दुखऱ्या जागांवर पेनाने गोल, खाली बाटल्यांची नावं आणि किमती. एका सफरीत माझ्या सासूबाईंना असाच कागद दिला आणि सांगितलं, की तुमच्या शरीरात विषारी द्रव्यं साठली आहेत, समुद्री शेवाळाच्या गोळ्या काही महिने घ्या. बाहेर येऊन त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “अगं, मला काही झालंय का? तू घरी कोणाला बोलू नकोस.” मसाजला गेलेल्या सत्तरीच्या बाईला घाबरवून गोळ्या विकायच्या, हे मला अजिबात मान्य नाही. रक्तातली घाण काढायचं काम लिव्हर आणि किडन्या करतात. बारीक होण्यासाठी म्हणून स्पात शेवाळाचा लेप लावून गुंडाळतात, त्याने कंबर इंचभर कमी झालीच, तर ती पाणी उतरल्याने आणि आवळल्याने, आणि पाणी प्यायलं की परत जागेवर येते.

पण मसाज करणाऱ्या त्या मुलींवर चिडू नका. बहुतेक बोटींवरचा स्पा बाहेरची कंपनी चालवते आणि थेरपिस्टची कमाई बरीचशी कमिशनवर असते. फिलिपिन्स, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, भारत अशा ठिकाणांहून त्या महिनोन्‌महिने घर सोडून आलेल्या असतात. म्हणून आडून आडून नाही म्हणण्यापेक्षा सुरुवातीच्या फॉर्मवरच लिहा, की फक्त मसाज हवा आहे, वस्तूंबद्दल बोलू नये. मी तसं लिहिते आणि तोंडानेही सांगते. त्या ऐकतात, आणि त्यांचाही वेळ वाचतो.

बोटॉक्स, म्हणजे सुरकुत्यांवरचं इंजेक्शन, तर बोटीवर मुळीच नको. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. तोवर तुम्ही घरी असता, काही बिनसलं तर दाखवणार कोणाला?

आई-बाबांच्या बाबतीत एवढं मात्र नक्की पाळा. हृदयाचा त्रास किंवा कमी-जास्त होणारं ब्लड प्रेशर असेल तर सोना आणि वाफेआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते भारतात असले तरी फोन करा. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेली असेल तर गरम दगडांचा मसाज आणि तापलेले बाक टाळा, भाजलेलं कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराचा मसाज नको. मुंबईहून इतका लांबचा विमानप्रवास करून आल्यावर एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर ती कोणालाही चोळू देऊ नका, आधी डॉक्टरला दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते.

आणि पास घ्यायचं ठरलं, तर बोटीवर चढल्या चढल्या स्पामध्ये जा. त्या दुपारी सगळा विभाग हिंडून बघू देतात, त्यामुळे बाकांसमोर खरंच काच आहे की भिंत, ते डोळ्यांनी पाहून मग पैसे द्या. पास मोजकेच असतात. आमच्या वेळी संध्याकाळच्या जेवणाआधीच संपले होते.