सट्टा सोडवणाऱ्या ‘धर्मादाय’ संस्थेचा तो मेसेज

नागपुरातल्या मानेवाड्याची माझी मावशी हा मेसेज वाचून आगाऊ रक्कम भरायला निघाली होती, म्हणून लिहितोय. मेसेज असा: ‘मुलगा सट्ट्यात, ऑनलाइन रमीत अडकलाय? पोलीस केस होण्याआधी भरती करा. आमची संस्था नोंदणीकृत, ना नफा तत्त्वावरची. त्याला काही सांगू नका, रात्री आमची गाडी येईल. 90 दिवस भेट नाही, फोन नाही. 100 टक्के हमी.’

नोंदणी खरी असेलही. पण धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ट्रस्टची आणि त्याच्या हिशेबाची असते. आत उपचार कोण करतं हे त्यावरून कळत नाही. रुग्णाला ठेवून घ्यायचं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 खाली वेगळी नोंदणी लागते. तो क्रमांक मागा.

आता ती रात्रीची गाडी. हे वाचून डोकंच फिरलं. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे आणि 2017 चा कायदा आजार ठरवताना तीच यादी मानतो. सज्ञान मुलाला झोपेतून उचलून नेण्याची मुभा त्यात कोणत्याही संस्थेला नाही. त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायचं तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीचा अर्ज हवा, डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी स्वतंत्र तपासणी केलेली हवी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका अशी गंभीर अवस्था हवी. तेही आधी 30 दिवसांपुरतंच. दाखल झाल्यावरही भेटीचा, फोनचा हक्क राहतो. साखळीने बांधणं, एकट्याला कोंडणं, जबरदस्तीने मुंडण करणं, सगळ्याला मनाई आहे. कर्जात बुडालेल्या पोराच्या मनात आत्महत्येचे विचार आधीच असू शकतात. त्याला आईवडिलांनीच फसवून गाडीत घातलं, तर पुढच्या वेळी तो कोणाजवळ बोलेल? या आजारात मुख्य उपचार समुपदेशनाचा, म्हणजे त्याने मोकळं बोलण्यावरच सगळी भिस्त!

फोनबाबत एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. सुरुवातीला सट्ट्याची अॅप आणि यूपीआय हाताशी नसलेलं बरं, खातं घरच्यांनी सांभाळलेलं बरं. पण ते त्याच्याशी बोलून ठरवायचं. आईचा फोन तोडून सट्टा सुटत नाही.

ऑनलाइन खेळापुरती पोलिसांची भीती तर निव्वळ घाबरवण्यासाठी. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षा पैशांचे खेळ चालवणाऱ्याला आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.

हमी कोणताच प्रामाणिक डॉक्टर देत नाही, कारण सुटलेला सट्टा पुन्हा लागू शकतो. म्हणून संस्थेला विचारा: मानसोपचारतज्ज्ञ कोण, किती वेळा येतात? घरी गेल्यावर पाठपुरावा किती महिने? कर्जाचं काय करायचं, यावर घरच्यांना बसवून बोलता का? दारूचं व्यसनमुक्ती केंद्र चालवणारे ‘तेच उपचार इथेही’ म्हणाले, तर जुगारासाठी वेगळं काय करता तेही विचारा.

अनेकांना तर भरतीची गरजच पडत नाही. नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत, फुकट, रात्रीही बोलता येतं. मावशीने पैसे भरलेले नाहीत. आधी पोराशी बोलणार आहे.