‘चालू सर्व्हरला हात लावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सर्व्हर नीट चालू असेल तर त्याला छेडू नका. अपडेट हा सॉफ्टवेअर कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा आहे. जुलै २०२४ मध्ये जगभरचे कॉम्प्युटर अपडेटमुळेच बंद पडले. आपल्यासारख्या छोट्या युनिटवर हल्ला करायला कुणाला वेळ आहे? आणि अँटीव्हायरस, बॅकअप असेल तर पॅच (त्रुटी बुजवणारे अपडेट) हवेतच कशाला? सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या काही कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. हा मेसेज वाचून एका मालकांनी अपडेट कायमचे बंद करायला सांगितले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त पटणारा आहे आणि सगळ्यात घातकही. मेसेज असं धरून चालतो की आपण हात लावला नाही, तर सर्व्हर काल होता तसाच आज राहतो. पॅच जाहीर झाला की हे खरं राहत नाही. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच काढतं, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. पॅचसोबत कुठे काय त्रुटी होती याची यादीही जाहीर होते. हल्लेखोर जुनी फाइल आणि पॅचमधली नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते काढतात, आणि जे बदललं तिथूनच आत कसं शिरायचं हे त्यांना कळतं. अमुक कंपनीचं कुलूप खिळ्यानेही उघडतं हे गावभर झालं, तर त्या कुलपाला कुणी हात लावलेला नसला तरी दुकान उघडं पडलेलं असतं.

२०१७ चं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम, आठवा. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीचा पॅच १४ मार्चला आला. त्याच त्रुटीवर चालणारं, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेकडून फुटलेलं हत्यार १४ एप्रिलला इंटरनेटवर आलं. हल्ला झाला १२ मे रोजी. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर लॉक झाले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, रेनॉच्या काही कारखान्यांत उत्पादन थांबलं, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे कॉम्प्युटर अडकले. बहुतेक मशिनींना लागणारा पॅच जवळपास दोन महिने उपलब्ध होता. ११ मेच्या संध्याकाळी त्यांतल्या प्रत्येक मशीनबद्दल कुणीही म्हणालं असतं, ‘नीट चालू आहे, छेडू नका.’

याच मुद्द्याला जोडून एक गोष्ट. लिनक्स सर्व्हर ४०० दिवस बंद न करता चालल्याचा स्क्रीनशॉट लोक अभिमानाने टाकतात. लाइव्ह पॅचिंगची (मशीन चालू असतानाच पॅच लावायची) सोय घेतलेली नसेल, तर त्याचा अर्थ त्या मशीनचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ४०० दिवस जुना आहे. विंडोजवरही हेच दिसतं. पॅच डाउनलोड झालेला असतो, पण अकाउंटंट रोज ‘नंतर रिस्टार्ट करा’ दाबतात, कारण ई-वे बिलं काढायची घाई असते. रिस्टार्ट होत नाही तोवर तो पॅच बहुतेक वेळा नुसता पडून असतो. सेटिंगमध्ये जाऊन अपडेट हिस्टरी उघडा आणि शेवटची तारीख बघा. ‘आमचे अपडेट चालू आहेत’ म्हणणाऱ्या ऑफिसांतही ती तारीख पुष्कळदा गेल्या वर्षीची निघते.

धंद्याचा मुद्दा लवकर संपतो. सपोर्ट चालू असलेल्या विंडोज सर्व्हरला दर महिन्याचे सुरक्षा पॅच फुकट मिळतात. पैसे लागतात ते सपोर्ट संपल्यावर. सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर-टू यांचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, त्यापुढची मुदतवाढ विकत घ्यावी लागते. दहा वर्षं वापरलेल्या सॉफ्टवेअरबाबत एवढं तरी मान्य करायला हवं.

आता जुलै २०२४. ही घटना खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. १९ जुलैला सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. पण तो मायक्रोसॉफ्टचा पॅच नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला गेलेली ती एक सदोष फाइल होती, आणि ती सगळ्या ग्राहकांना एकाच वेळी, कुणालाही न विचारता गेली. एक फाइल काढून टाकल्यावर मशीन पुन्हा सुरू होत होत्या. त्रास प्रचंड झाला, पण डेटा कुणी चोरला नाही की लॉक केला नाही.

मायक्रोसॉफ्टचे पॅचही चुकतात. ११ जानेवारी २०२२ च्या अपडेटनंतर बऱ्याच ठिकाणी डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरची लॉगिन तपासणारे मुख्य सर्व्हर) पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होऊ लागले. दुरुस्ती १७ जानेवारीला आली. म्हणजे धोका सहा दिवसांचा होता, आणि त्यावर उपाय आहे. पॅच आला की तीन-चार दिवस इतरांचे अनुभव बघा. पूर्ण बॅकअप घ्या. आधी कमी महत्त्वाच्या मशीनवर लावा. मग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मुख्य सर्व्हरवर लावा, युपीएसची बॅटरी तग धरेल याची खात्री करून. रिस्टार्टनंतर टॅली आणि ईआरपी (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) उघडून एक नमुना चलान छापून बघा, बारकोड प्रिंटर चालतोय का बघा. त्या त्रुटीचा वापर करून हल्ले आधीच सुरू असतील, तर मात्र थांबू नका, त्याच रात्री लावा. सहा दिवसांच्या धोक्यावर ‘कधीच नको’ हा इलाज होऊ शकत नाही.

‘आपण छोटे, आपल्याकडे कोण बघतंय?’ या मुद्द्याचं उत्तर तुमच्याच सर्व्हरवर आहे. सीएंना घरून टॅली बघता यावी म्हणून राउटरमधून रिमोट डेस्कटॉप (दूरून कॉम्प्युटर चालवायची सोय) इंटरनेटला उघडा ठेवलेली किती ऑफिसं नाशिकमध्ये असतील! तुमचं त्यांत असेल, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडा आणि ४६२५ क्रमांकाच्या नोंदी बघा. ही फसलेल्या लॉगिनची नोंद असते. ‘अ‍ॅडमिन’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, ‘टेस्ट’, ‘स्कॅनर’ अशा नावांनी, रात्री अडीचलाही, काही सेकंदांच्या अंतराने कुणीतरी दार वाजवत असल्याचं दिसेल. तुमच्या कंपनीचं नाव त्याला माहीत नसतं. तो एक प्रोग्राम आहे, ओळीने आयपी पत्ते चाळत जाणारा. वॉनाक्रायसुद्धा असाच मिळेल तो पत्ता तपासत पसरला, कुणीही कुठल्याही लिंकवर क्लिक न करता. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमध्येच अशी त्रुटी सापडली की पासवर्ड नसतानाही विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ मध्ये शिरता येत होतं. पॅच न लावलेल्या मशीनला कितीही अवघड पासवर्ड असला, तरी त्या त्रुटीपुढे त्याचा उपयोग नव्हता. मोठ्या कंपनीकडे रात्रपाळीला लॉग बघणारी माणसं असतात. वीस कामगारांच्या युनिटमध्ये असं कुणी नसतं, म्हणून उलट आपल्यालाच पॅचचा आधार जास्त लागतो.

अँटीव्हायरस हवाच. पण तो मुख्यतः ओळखीच्या फाइली आणि संशयास्पद हालचाली पकडतो, विंडोजमधली त्रुटी तो बुजवत नाही. ‘आमचा सर्व्हर फक्त लॅनवर आहे’, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर, हेही ऐकू येतं. त्याच लॅनवर डिस्पॅचचा पीसी आहे, त्यावर दिवसभर ईमेल उघडले जातात, आणि आत शिरलेला प्रोग्राम तिथून सर्व्हरपर्यंत चालत जातो.

बॅकअपबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे लोकांना खरा दिलासा वाटतो. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा डेटा नष्ट करणारा प्रोग्राम पसरला. आपल्या द्राक्ष-कांद्याचे कंटेनर ज्या न्हावाशेवा बंदरातून जातात, तिथलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं एक टर्मिनल त्यात ठप्प झालं. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. त्यांचे डोमेन कंट्रोलर जगभर विखुरलेले होते आणि एकमेकांची प्रत ठेवत होते. सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. आपल्याकडे सर्व्हरला कायम जोडलेली हार्ड डिस्क किंवा नॅस (नेटवर्कवरून वापरायची डिस्क) म्हणजेच बॅकअप समजतात. रॅन्समवेअर आधी तीच लॉक करतं.

नॉटपेट्याबद्दल दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत आला, आणि चोरलेले पासवर्ड वापरून पॅच लावलेल्या मशीनवरही पसरला. त्यामुळे पॅच लावला की बाकी काही नको, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक पीसीला एकच अ‍ॅडमिन पासवर्ड नको आणि बॅकअपची एक प्रत वायर काढून कपाटात हवी. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे, ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. बॅकअप असला तरी ही जबाबदारी टळत नाही.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे: काही मशिनींना खरंच हात लावता येत नाही. व्हीएमसीला (धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरचलित मशीनला) जोडलेला विंडोज ७ चा पीसी घ्या. मशीनचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही, बनवणारी कंपनी नवं देत नाही, आणि नवी मशीन घ्यायला आज पैसे नाहीत. तो पीसी वेगळ्या नेटवर्कवर टाका, त्याचं इंटरनेट काढा, फाइल शेअरिंग बंद करा, आणि प्रोग्राम न्यायला एकच ठरलेला पेनड्राइव्ह ठेवा, जो दर वेळी दुसऱ्या अद्ययावत पीसीवर स्कॅन होईल. ऑफिसमधल्या टॅलीच्या सर्व्हरला यातली एकही अडचण नाही.