या आठवड्यात केर आमचा

आमच्या दाराच्या मुठीला आठवड्याआड एक लाकडी पाटी लटकते. वीतभर लांब, वरून सुतळी ओवलेली आणि मधोमध ‘केरवोखे’, म्हणजे जर्मनमध्ये झाडण्याचा आठवडा, अशी कोरलेली अक्षरं. पाटी आली की त्या आठवड्यात आमच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, कठडा पुसायचा आणि जिन्यातल्या खिडकीची कडही पुसायची. झालं की पाटी समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराला अडकवायची. ही झाली धाकटी केरवोखे. थोरली सहाही बिऱ्हाडांत फिरते आणि तिच्यात तळघराचा बोळ, बाहेरचा फुटपाथ, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि हिवाळ्यातला पहाटेचा बर्फ एवढं सगळं येतं. आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. मर्सिडीज आणि पोर्शे दोन्ही इथल्याच, त्यामुळे गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. जिन्याकडे मात्र झाडून सगळे बघतात.

चाकण-चिंचवडहून इकडे येणाऱ्या इंजिनिअरांची कमी नाही. येण्याआधी आम्हाला बरंच काही शिकवलं होतं. टॅक्सचा वर्ग कोणता, आरोग्यविमा कसा काढायचा, रिकामी बाटली मशीनला परत दिली की पंचवीस सेंट कसे मिळतात, रविवारी घरात ड्रिल का चालवायचं नाही. केरवोखेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ती होती भाडेकराराच्या शेवटी जोडलेल्या घराच्या नियमावलीत. नियमावली मी वाचलीही होती. पण पुण्यात दहा वर्षं सोसायटीत काढलेला माणूस नियमावली वाचतो म्हणजे काय करतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

घरातल्या कामांची वाटणी झाली तेव्हा मुलाची शाळा, विमा आणि सरकारी पत्रं बायकोने घेतली. केरवोखे माझ्याकडे आली. “तुला शेजाऱ्यांशी ओळखी वाढवायच्या होत्या ना?” असं ती म्हणाली.

पहिल्या खेपेला मी जिना रात्री दहानंतर झाडला. चोरपावलांनी, दिवाही न लावता. एका नामांकित कंपनीत ब्रेकच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा माणूस गुडघे टेकून पायऱ्या पुसतोय, हे कुणाला दिसायला नको होतं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजी भेटल्या. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि इमारत बांधली तेव्हापासून इथेच राहतात. त्यांना आम्ही घरात ‘आजी’ म्हणतो. तोंडावर मात्र फ्राऊ आणि पुढे पूर्ण आडनाव. त्यांनी विचारलं, जिना कधी करणार?

“काल रात्री केला.”

“मला ऐकू आलं नाही,” आजी म्हणाल्या.

मला वाटलं, यांना कमी ऐकू येत असेल. ऑफिसमधल्या एका जुन्या श्वाबियन, म्हणजे याच प्रदेशातल्या, सहकाऱ्याने उलगडा केला. इथे जिना नुसता स्वच्छ करून भागत नाही. बादली प्रत्येक पायरीवर आपटायची, झाडूचा दांडा कठड्याला लागू द्यायचा, वाटेत कुणी भेटलं तर कंबर धरून उभं राहायचं. म्हणजे घरात सगळ्यांना कळतं की काम झालं. आणि जिन्यावर धुळीचा कण नसला तरी पाटी आली म्हणजे झाडायचंच. धूळ आहे की नाही हा मुद्दाच वेगळा. हे ऐकून मला थोडं बरं वाटलं, कारण आमच्याकडे कैक सरकारी योजना याच तत्त्वावर चालतात.

प्रकरण जुनं आहे. 1492 मध्ये दाढीवाल्या काउंट एबरहार्डच्या राजवटीत शहराच्या नियमांत आलं की प्रत्येकाने आपला उकिरडा दर आठवड्याला बाहेर न्यावा. कोलंबस भारत शोधायला निघाला तेच हे वर्ष. तो भलतीकडेच पोचला, केरसुणी मात्र बरोबर जागी पोचली. 1714 मध्ये गल्ल्यांच्या सफाईचा खास हुकूम निघाला. मग 1988 मध्ये नगरपालिकेने नागरिकांवरची ही सक्ती कायद्यातून काढून टाकली. तेव्हा महापौर होते मानफ्रेड रोमेल, म्हणजे आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांना जेरीला आणणाऱ्या फिल्डमार्शल रोमेल यांचे चिरंजीव. वडिलांनी वाळूत रणगाडे फिरवले, पण मुलाला श्वाबियन जिन्यावरची केरसुणी काही हटवता आली नाही. कायद्यातून ती गेली आणि भाडेकरारांत तशीच राहिली. आजींना 1988 च्या ठरावाबद्दल मी एकदा मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, तेव्हा माझीच पाळी होती. केली मी.

बर्फाबद्दल थोडक्यातच सांगतो, आठवलं तरी पाठ भरून येते. कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत घरासमोरचा फुटपाथ मोकळा हवा. म्हणजे सहाला फावडं हातात. मीठ टाकायला मनाई आहे, झाडांना बाधतं. म्हणून बारीक खडी टाकायची. ती खडी बर्फासोबत वितळत नाही. मार्चमध्ये आपणच टाकलेली खडी आपणच झाडून गोळा करायची. हे वेदान्तात कुठेतरी असणार, असं मला अनेकदा वाटून गेलं आहे.

सगळ्या बिऱ्हाडांच्या बैठकीत मी एकदा सुचवलं की महिन्याला थोडे पैसे काढून सफाईचं कंत्राट देऊन टाकू या. बैठकीत अशी शांतता पसरली की बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

साताऱ्याला आईला हे सगळं फोनवर कळत होतं. “एवढं शिकून तिकडं जिनं झाडतोस?” हा प्रश्न तिने पहिल्या वर्षी विचारला, नंतर नाही. नंतर ती साताऱ्यात लोकांना सांगायला लागली की आमचा मुलगा तिथल्या बिल्डिंगचं मेंटेनन्स बघतो.

मग ऑगस्टमध्ये ती आमच्याकडे आली, व्हिसाचे नव्वद दिवस पुरेपूर वापरायचे या तयारीने. पहिल्याच शनिवारी पाटी आमच्या दारावर होती. मी आतून बादली आणि फडका घेऊन निघालो तर आईने बादली काढून घेतली. “तू चहा घे. पुरुषमाणसाला फरशी पुसता येत नाही, नुसती ओली करता येते.”

आईला साताऱ्यात अंगण आहे. रोज पहाटे त्यावर सडा पडतो. अंगणात टाकलेलं पाणी उताराने निघून जातं. आईने वरच्या पायरीवरून बादली ओतली आणि पाणी इथेही उतारानेच गेलं. दोन मजले उतरून, प्रत्येक पायरीवर बारीक धबधबा करत, ते आजींच्या पायपुसण्यापर्यंत पोचलं.

खालचं दार उघडलं. मी चार-चार पायऱ्या टाकत खाली धावलो. धावता धावता माफीचं जर्मन वाक्य जुळवत होतो, त्यातलं क्रियापद शेवटी टाकायचं असतं आणि माझं अजून सापडलं नव्हतं. आजींनी पाण्याकडे पाहिलं. मग वर, पदर खोचून, खराटा असावा तसा झाडू धरून उतरणाऱ्या आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. आत गेल्या आणि रबराची पट्टी लावलेला लांब दांडा घेऊन बाहेर आल्या. दोघींनी मिळून ते पाणी लोटत लोटत थेट फुटपाथवर काढलं. मी मदतीला पुढे झालो तर दोघींनी एकाच वेळी, आपापल्या भाषेत, मला बाजूला व्हायला सांगितलं.

पाणी गेल्यावर आजींनी कठड्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि आईला दाखवलं. आईने ते बोट निरखून पाहिलं, मान डोलावली, मग स्वतःचं बोट खिडकीच्या बिजागरीमागे घालून आजींना दाखवलं. मी त्या खिडकीची कड कित्येक शनिवार पुसत आलो होतो. तिला मागची बाजू असते, हे मला तेव्हा समजलं.

आमचा लेक तिसरीत आहे. तो श्वाबियन बोलतो, आजींसारखं, जिभेवर वाटाणा ठेवल्यागत. त्याला म्हटलं, जा, दोघींचं भाषांतर कर. तो जिन्यात बसून ब्रेत्सेल खात राहिला. “बाबा, त्या दोघी तुझ्याबद्दलच बोलतायत,” एवढं त्याने सांगितलं.

प्लमचा मोसम होता. आजींनी मोठा ताटभर प्लमचा केक वर पाठवला. गुरुवार असल्यामुळे आईने आधी अंड्याची चौकशी केली, शुक्रवारी खाल्ला आणि म्हणाली, “वाईट नाही.” रिकामं ताट परत करायचं नसतं, म्हणून त्यातून चकल्या गेल्या. आजींनी एक चकली मोडून, खाऊन, निरोप पाठवला: खाता येते. मी जरा खट्टू झालो. ऑफिसात विचारलं तर कळलं की श्वाबियन माणूस पदार्थाला ‘खाता येतो’ म्हणाला, की त्यापुढे कौतुकाला जागाच उरत नाही. रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. आईचं माहेर कऱ्हाडचं. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही. माझा बारावीचा निकाल लागला होता तेव्हा ती “बरं” म्हणाली होती.

दिवाळीत खरी पंचाईत झाली. आईने वसुबारसेला आमच्या दारासमोर, जिन्याच्या चौकात, ठिपक्यांची रांगोळी काढली. आणि त्या आठवड्यात पाटी होती समोरच्या दारावर. समोर एक तरुण राहतो, उत्तरेकडच्या हाम्बुर्गचा. म्हणजे आजींच्या हिशेबी तो आमच्याइतकाच परका. शनिवारी सकाळी त्याने आमची बेल वाजवली. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात केरभरणी, आणि चेहरा अगदी घामाघूम. हे काढायचं का? नियमावलीप्रमाणे चौकातली भुकटी ही धूळ. पण ही मुद्दाम काढलेली दिसते. मग ही धूळ धरायची की संस्कृती? रात्रभर विचार करत होतो, असं तो म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं.

प्रकरण खाली गेलं. आजी काठी टेकत वर आल्या. वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मी मनातल्या मनात सण, परंपरा, लक्ष्मी अशी मांडणी तयार ठेवली होती, तिची गरज पडली नाही. आजींनी काठीच्या टोकाने डावीकडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक ठिपका ओळीतून सरकला होता. आई आतून डबी घेऊन आली, तो ठिपका पुसला आणि जागेवर टाकला. मग आजींनी निकाल दिला: सण संपेपर्यंत राहील. झाडायचं मात्र आहेच, कडेकडेने. हाम्बुर्गच्या बिचाऱ्याकडून छोटा कुंचा काढून घेऊन त्यांनी स्वतः पहिली बाजू झाडून दाखवली, रांगोळीच्या रेघेपासून बरोबर दोन बोटं अंतर ठेवून.

भाऊबिजेपर्यंत सहाही बिऱ्हाडं त्या चौकातून भिंतीला पाठ लावून, आडवी चालत गेली. पार्सलवालासुद्धा.

नोव्हेंबरात आई परत गेली. जाताना तिने आजींना नवी कोरी केरसुणी भेट दिली. ती तिने बॅगेत तळाशी, साड्यांच्या घडीत घालून आणली होती, मलाही पत्ता नव्हता. आजींनी ती आपल्या तळघरात खिळ्याला टांगली आहे. वापरत नाहीत, पण त्यांच्याकडे कुणी आलं की दाखवायला नेतात.

बायको म्हणाली, सुटलास. मलाही तसंच वाटलं होतं. पुढच्या शनिवारी पाटी आमच्याकडे आली, मी बादली आपटत आपटत, कठड्याला दांडा लावत, अगदी रीतसर जिना केला. शेवटच्या पायरीवर होतो तेवढ्यात साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. मी जेवणाखाण्याचं, थंडीचं सांगायला लागलो. आई म्हणाली, ते राहू दे, फोन जरा वळव. मी वळवला. तेवढ्यात खालचं दार उघडलं, आजी बाहेर आल्या, माझ्या हातातला फोन घेतला आणि एकेक पायरी चढत पडद्यावर दाखवत गेल्या. खिडकीपाशी थांबून बिजागरीमागे बोट घातलं आणि ते कॅमेऱ्यासमोर धरून श्वाबियनमध्ये काहीतरी म्हणाल्या.

“बरोबर म्हणतायत त्या,” आई म्हणाली. “परत पूस.”