हा तर कीबोर्डच झाला की!

तपकीर गल्लीत पन्नाशीच्या माणसाने काउंटरवर एखादी चिप मागितली की पलीकडचा मुलगा मान वर न करता विचारतो, "पोराचा प्रोजेक्ट का?" परवाही विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने मान वर केली, आणि ती कीव करण्यासाठी होती.

यादी मोठी नव्हती. दोन ७४एलव्हीसी२४५ चिपा, चाळीस पिनांची रिबन केबल आणि पॉवर सप्लायसाठी २७५ व्होल्ट एसीचे दोन एक्सटू कपॅसिटर. एवढ्या ऐवजात बीबीसी मायक्रो हा अकॉर्न कंपनीचा १९८१ चा कॉम्प्युटर रास्पबेरी पाय झीरो या बोटभर कॉम्प्युटरला जोडता येतो. आपल्याकडे १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' योजना निघाली, तिच्यात आलेलं यंत्र ते हेच. ते बघायला मिळालं म्हणून नशीबवान समजायचं, हात लावायला मिळेल ही अपेक्षा नव्हती.

शेजारी एक काका मिक्सरचा तुटलेला कपलर चिमटीत धरून उभे होते. माझी यादी त्यांनी माझ्याआधी वाचून संपवली.

"कशाला लागतं हे सगळं?"

अनोळखी माणसाला असं विचारणं हे पुण्यात नागरी कर्तव्य आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. जुन्या कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर जोडायचाय, असं सांगितलं.

"जुना चालत नाही?"

"चालतो की."

"मग जोडायचाय कशाला?"

"मेमरी कमी पडते. बत्तीस केबी आहे."

"एमबी म्हणायचंय तुम्हाला."

"केबी."

काकांनी खिशातून फोन काढला, काहीतरी उघडलं आणि पडदा माझ्या नाकासमोर धरला. त्यावर गुलाबाचं फूल होतं, खाली 'शुभ सकाळ'. "आमच्या साडूने पाठवलंय. दोनशे केबी. म्हणजे हे फूलसुद्धा मावायचं नाही तुमच्यात."

'तुमच्यात' हा शब्द मला लागला. पण फूल खरंच मावणार नाही. बारीक चित्राच्या मोडमध्ये पडदाच २० केबी गिळतो, डिस्कची व्यवस्था आपला वाटा आधीच काढून घेते आणि बेसिक भाषेतल्या प्रोग्रॅमला उरतात ५,८८८ बाइट. यावर उपाय अकॉर्नने पहिल्यापासूनच ठेवला होता. यंत्राच्या पोटाखाली 'ट्यूब' नावाची चाळीस पिनांची जागा आहे. तिथे दुसरा प्रोसेसर लावला की प्रोग्रॅम त्याच्याकडे जातो आणि ३०,७२० बाइट मोकळे मिळतात; बेसिकची मेमरीत वर सरकवलेली आवृत्ती घेतली तर ४५,०५६. अस्सल ट्यूब-प्रोसेसर आता लिलावात निघतात आणि त्यांच्या किमती वाचून चष्मा पुसावा लागतो. त्यांची नक्कल पाय झीरो करतो. हा २०१५ साली पाच डॉलरचा म्हणून बाजारात आला, एका मासिकाच्या मुखपृष्ठावर तर फुकट चिकटवून दिला होता. आपल्याकडे अंकासोबत फार तर कालनिर्णयाएवढं कॅलेंडर मिळतं. असो.

"आणि हा जो नवीन लावणार," काका म्हणाले, "त्याची ताकद केवढी?"

"एक गिगाहर्ट्झ. ५१२ एमबी."

"आणि जुन्याची?"

"दोन मेगाहर्ट्झ."

काकांनी कपलर काउंटरवर ठेवला. विषय आता मिक्सरच्या पुढे गेला होता. "म्हणजे बोटभर पट्टी हाच खरा कॉम्प्युटर. मग मोठ्या खोक्याने करायचं काय?"

"तो कळा वाचणार, पडद्यावर अक्षरं उमटवणार, डिस्क सांभाळणार."

"म्हणजे कीबोर्ड झाला की तो!"

दुकानातला मुलगा हसला. वायर मोजणारा गडीही हसला. त्रास याचा की ट्यूबची मूळ रचना नेमकी हीच आहे: नवा प्रोसेसर विचार करतो, जुना यजमान हमाली. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. पायमधला प्रोसेसर एआरएम घराण्यातला. एआरएमची पहिली चिप अकॉर्ननेच १९८५ साली चालू केली, आणि त्याआधी सोफी विल्सन यांनी तिच्या सूचनासंचाची नक्कल बीबीसी बेसिकमध्ये लिहून याच यंत्रावर चालवली होती. म्हणजे ही पट्टी परकी नाही, त्याच घरातली आहे.

"कळलं," काका म्हणाले. "पणतू कमावतो, आणि पणजोबा दारात बसून कोण आलं, कोण गेलं ते बघतात. आमच्या वाड्यात तेच होतं. बिल्डरने पाडला."

गंमत म्हणजे त्यांचा मिक्सर लग्नातला होता. मोटर ठणठणीत आहे, असं तेच मुलाला दोनदा ऐकवून झाले होते. या शहरात कार्ब्युरेटर खोलून तीस वर्षांची स्कूटर चालती ठेवणाऱ्याला हौशी म्हणतात, मिक्सर जगवणाऱ्याला संसारी म्हणतात. कॉम्प्युटर जगवणाऱ्याला मात्र भंगारवाल्याचा नंबर देतात.

तोवर मुलाने चार वाटांचं एक छोटं मॉड्यूल पुढे सरकवलं. "लेव्हल शिफ्टरच आहे साहेब. सगळे हाच नेतात."

सगळे नेतात, कारण सगळे सेन्सर जोडतात. बीबीसीचे संकेत ५ व्होल्टचे, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि थेट ५ व्होल्ट दिले तर पाय मरतो, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. पण त्या मॉड्यूलमध्ये १० किलोओहमचे पुल-अप, म्हणजे संकेत वर खेचणारे रोध, असतात. संकेताच्या ओळीवर ५० पिकोफॅरड धारिता धरली तरी तो चढण्याचा कालस्थिरांक ५०० नॅनोसेकंद झाला, आणि २ मेगाहर्ट्झच्या बसचं, म्हणजे यंत्रातल्या संकेतवाटेचं, अख्खं आवर्तनच ५०० नॅनोसेकंदांचं. संकेत वर चढेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. शिवाय ओळी पंधरा आहेत: आठ डेटाच्या, तीन पत्त्याच्या, वर वाच-लिही, घड्याळ, ट्यूबची निवड आणि रीसेट. ७४एलव्हीसी२४५ एकीत आठ ओळी घेते, ३.३ व्होल्टवर चालून ५ व्होल्ट सोसते, म्हणून दोन पुरतात.

हे सांगितल्यावर त्याने ७४एचसी२४५ आणली. "२४५च आहे ना?"

२४५ आहे, पण एचसीला ३.३ व्होल्टवर चालवून ५ व्होल्टचा संकेत दिला तर तो आतल्या संरक्षक डायोडवर येतो, आणि ५ व्होल्टवर चालवली तर ती पायला ५ व्होल्टच देते. "एवढा काय फरक पडतो," असं मुलगा म्हणाला नाही, काका म्हणाले.

कपॅसिटर तेवढे मिळाले, आणि खरं तर सुरुवात तिथूनच करायची असते. जुन्या पॉवर सप्लायमधले रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर वरून तडकतात, पावसाळ्याची ओल पितात आणि एके दिवशी घरभर धूर करतात. प्लग काढून, मोठ्या कपॅसिटरमधला भार उतरू देऊन, दोन्ही बदलावेत. त्याआधी यंत्र चालू करू नये, मित्राला दाखवायलासुद्धा नाही.

पुढचं सोपं. एफएटी३२ कार्डावर 'पायट्यूबडायरेक्ट' या, पायला ट्यूब-प्रोसेसर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फायली टाकायच्या. त्यात लिनक्स नसतं, असून चालणारही नाही, कारण उत्तर द्यायला पायला जेमतेम पाव मायक्रोसेकंद मिळतो. केबल वीतभरापेक्षा लांब नको. पायला वीज ट्यूबमधूनच मिळते, वर यूएसबी खुपसू नये. सगळं नीट असूनही बीबीसी ढिम्म राहिला तर त्याच्या आतला रॉम, म्हणजे कायमचा प्रोग्रॅम असलेली चिप, बघावा. ट्यूबशी बोलणारा कोड डीएनएफएस नावाच्या रॉममध्ये असतो, तो नसेल तर पणतू दारात उभा राहून घंटा वाजवत बसतो. आणि पाय जागा होईपर्यंत यजमान पुढे निघून गेलेला असू शकतो, म्हणून पहिल्या वेळी कंट्रोल धरून ब्रेक दाबावं. खेळ फार वेगात पळायला लागले तर स्टार एफएक्स १५१,२३०,१ ही आज्ञा द्यावी आणि पुन्हा कंट्रोल-ब्रेक. मग ३ मेगाहर्ट्झचा शहाणा प्रोसेसर मिळतो.

उरल्या चिपा. त्या ऑनलाइन मागवायच्या तर कमीत कमी दहा घ्या म्हणतात, आणि कुरिअरचं भाडं दहांच्या किमतीहून जास्त. घेतल्या. काल कुरिअरवाल्याने गेटवरून फोन केला: "साहेब, पाकीट रिकामं लागतंय हाताला. तरी सही कराल ना?"