शांत कोचला घरी बसवण्याचे खात्रीशीर उपाय

तुमची टीम हरतेय का? पोराची असो, ऑफिसची असो, नाहीतर मध्यरात्री डोळे चोळत टीव्हीवर बघता ती लिव्हरपूल-मँचेस्टरवाली असो. हरतेय ना? मग वाट कसली बघताय? कोच काढा. खेळाडू काढता येत नाहीत, कारण त्यातला एक आपलाच मुलगा असतो. पंच बदलता येत नाही. टर्फचं भाडं कमी होत नाही. कोच मात्र काढता येतो, आणि तो शांत स्वभावाचा असेल तर काम फारच सोपं, कारण तो भांडत बसत नाही.

मागच्या महिन्यात आमच्याकडे हे कार्य यथासांग पार पडलं. उपनगरातला मुलांचा फुटबॉल क्लब, चौदा वर्षांखालची टीम. पावसाळा सरत आला तरी एकही मॅच जिंकलेली नव्हती. पालकांची मीटिंग सोसायटीच्या पोडियमवर भरली, वेफर्स आले, कटिंग आला, आणि चहा निवायच्या आत सर माजी झाले. विरोधात हात दोनच वर गेले, एक माझा आणि एक गोलकीपरच्या आईचा. ज्यांना आपल्याकडेही असं काही घडवून आणायचंय, त्यांच्यासाठी आमचा अनुभव मांडतोय. मानधन नको.

पहिलं म्हणजे कोच ओरडतो का ते बघा. ओरडत नसेल तर त्याच्यात पॅशन नाही, हे ग्रुपवर दिवसातून दोनदा टाका. कुकरची शिट्टी झाली नाही म्हणजे डाळ शिजलीच नाही, या हिशोबाने चाला. आमचे सर टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेला, हाताची घडी घालून उभे राहायचे, अधूनमधून खिशातल्या डायरीत काहीतरी खरडायचे. आमच्यातल्या एका बाबांना ती डायरी इतकी खुपली की त्यांनी भर मॅचमध्ये विचारलं, "सर, हे हिशोब घरी लिहिता येत नाहीत का?" सर म्हणाले, "येतात की." पुढच्या मॅचला डायरी नव्हती. बॉलपेनने तळहातावर लिहीत होते.

इथे कोणीतरी दीडशहाणा कार्लो अँचेलोटीचं उदाहरण देईल. टीम मागे पडली की या गृहस्थाची फक्त एक भुवई वर जाते, बाकी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. कोच म्हणून त्याने चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, पाच वेळा जिंकलीय, एवढी दुसऱ्या कोणीही जिंकलेली नाही. तुम्ही गडबडू नका. रेआल माद्रिदनेसुद्धा त्याला २०१५ मध्ये नारळ दिलाच होता, क्लबचा दहावा युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचंच जुनं नाव) आणून दिल्यानंतर जेमतेम वर्षाने, असं ठणकावून सांगा. त्यांनीच त्याला २०२१ मध्ये परत बोलावलं आणि त्याने आणखी दोन कप आणून दिले, हे सांगायची गरज नाही. मीटिंगचा मूड जातो.

दुसरं, टचलाइनवरून स्वतः कोचिंग करा. सर "थांब, वर बघ, मग दे" म्हणत असतील तर नेमक्या त्याच क्षणी "मार! मार! अरे मार ना!" असं बोंबला. पोरगं गोंधळून चेंडू घालवेल. मग सरांकडे बघून मान हलवा.

बेंचवर कोणाचा मुलगा बसतोय ते हेरून ठेवा. मीटिंग त्याच्या वडिलांनाच बोलवायला लावा.

इतिहासाच्या वाटेला जाऊ नका. आमची एक मॅच वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर होती. हे डिसूझा कोण, असं एका मुलाने विचारलं, तर वडील म्हणाले, बिल्डर असतील. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक मारणारा मुंबईचा माणूस! भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता. पण असो, बिल्डर तर बिल्डर. इतिहास वाचलात तर अॅलेक्स फर्ग्युसन आडवा येतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला कोच म्हणून आला आणि पहिला करंडक मिळाला मे १९९० मध्ये. त्या वर्षी लीगमध्ये टीम तेरावी. "तीन वर्षं नुसत्या सबबी" अशा अर्थाचा फलक प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये झळकवला होता. क्लबने काढलं नाही, आणि पुढे त्याने तेरा लीग जिंकल्या. आपल्या ग्रुपवर असता तर १९८७ च्या गणपतीआधीच विसर्जन झालं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कोच काय बदलतोय तिकडे अजिबात लक्ष देऊ नका. स्कोअर बघा. स्कोअर कळायला मॅच बघावी लागत नाही, मोबाइल पुरतो. आमच्या सरांनी काय केलं ते ऐका. मीटिंगमध्ये सांगायला गेलो तर "वेळ कमी आहे" म्हणाले, म्हणून इथे सांगतो. सुरुवातीच्या मॅचमध्ये गोलकीपरपासून छोटे छोटे पास देत खेळ उभा करायचा प्रयत्न झाला, टीव्हीवर दिसतं तसा. मैदान चिखलाचं. चेंडू दोन फुटांवर रुतून बसायचा आणि आमची मुलं आपल्याच गोलसमोर तो घालवायची. पाच-पाच गोल खाल्ले. सरांनी ते बंद केलं. गोलकिक लांब, थेट उजवीकडे, आणि तिथे आमचा सगळ्यात उंच मुलगा. आघाडीला तिघांऐवजी दोघे, मधल्या फळीत चौघे. डावा बॅक अंगाने एवढासा पण पायाने चपळ, त्याला मधोमध आणला. यातलं एकही वाक्य ओरडून सांगितलेलं नाही. हाफ टाइमला पाण्याच्या बाटल्यांची झाकणं जमिनीवर मांडायचे आणि ज्याची जागा बदलायची त्या मुलालाच त्याचं झाकण सरकवायला लावायचे. पाच गोलांचा फरक एका गोलावर आला. ग्रुपवर काय आलं? "पुन्हा हरलो."

त्यानंतरच्या मॅचला तर बरोबरी होतच होती. शेवटच्या मिनिटाला साधा शॉट गोलकीपरच्या दोन पायांमधून आत गेला. पोरगं पोस्टला टेकून हमसून हमसून रडत होतं. सर गेले, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले, ग्लोव्हचं सुटलेलं वेल्क्रो नीट लावलं आणि विचारलं, "सकाळी खाऊन आला होतास का काही?" त्याने मान हलवली, नाही. "पुढच्या वेळी पोहे खाऊन यायचं." एवढंच. पुढच्या मॅचला तोच गोलमध्ये होता आणि त्याने एक पेनल्टी अडवली. ती मॅचही हरलो म्हणा. या प्रसंगावर ग्रुपवर पडलेला मेसेज जसाच्या तसा देतो: "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, सर इज टू सॉफ्ट." खाली अंगठ्यांची ही रांग. अंगठे देणाऱ्यांत असेही महाभाग होते जे त्या दिवशी मेगाब्लॉक म्हणून मैदानावर फिरकलेच नव्हते!

आणि हेच लोक २०२२ चा वर्ल्ड कप निळे-पांढरे टी-शर्ट घालून बघत होते. अर्जेंटिना पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून १-२ हरली तेव्हा त्यांचा कोच स्कालोनीने काय टचलाइनवर कपडे फाडले होते? छत्तीस सामने न हरलेली टीम, जगभर हसू झालेलं. पुढच्या सामन्यात मेक्सिकोविरुद्ध त्याने पाच खेळाडू बदलले. बेंचवरून आलेल्या एन्झो फर्नांडिसने त्या दिवशी गोल मारला आणि मग तो संघात कायमचाच बसला. नेदरलँड्सविरुद्ध मागे पाच जण, क्रोएशियाविरुद्ध मधे चार, फायनलला डी मारियाला डावीकडे. प्रत्येक वेळी वेगळी मांडणी. १८ डिसेंबरला कप हातात, आणि तुम्ही अंधेरीच्या रस्त्यावर हॉर्न वाजवत फिरत होतात. मेस्सीसाठी. स्कालोनीचं नाव किती जणांना आठवलं?

बरं, शांत म्हणजे चेहराच निर्विकार असला पाहिजे असंही नाही. लिव्हरपूलचा कोच असताना युर्गन क्लॉप टचलाइनवर दात विचकून नाचायचा, चौथ्या पंचाच्या अंगावर जायचा. पण २०२०-२१ मध्ये लिव्हरपूल घरच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, लीगचे सलग सहा सामने हरलं, बचाव फळीतले व्हॅन डाइक, गोमेझ, माटिप तिघेही जायबंदी, तेव्हा डोकं ठिकाणावर ठेवूनच त्याने निस्तरलं. मधल्या फळीतल्या फाबिन्योला आधी मागे खेळवलं. त्यामुळे मधला खेळ विस्कटला, तर त्याला परत पुढे नेलं आणि मागे नॅट फिलिप्स आणि रिस विल्यम्स असे दोन नवखे उभे केले. शेवटच्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी, आणि टीम तिसरी. फॉर्म गेलेल्या टीमचं असंच करावं लागतं. एक जागा बदलायची, बघायचं, जमलं नाही तर मुकाट्याने परत फिरवायची. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळेपर्यंत कोणीतरी शिव्या खात उभं राहावं लागतं.

माझा सूर जरा चढला. उपायांकडे वळतो.

टूखेल नावाच्या कोचचं उदाहरण तोंडपाठ ठेवा. लंडनच्या चेल्सी क्लबने जानेवारी २०२१ मध्ये आधीचा कोच लॅम्पार्डला काढून त्याला आणलं आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. म्हणजे कोच काढला की कप येतो, झालं सिद्ध. त्याच टूखेलला सप्टेंबर २०२२ मध्ये काढलं, मग आणलेल्या पॉटरला एप्रिल २०२३ मध्ये काढलं, आणि त्या मोसमात टीम बारावी आली, तिथे मात्र रेंज गेल्याचं सांगा.

आपल्या मुंबईतल्या कूपरेज मैदानाचा विषय तर काढूच नका. २००९ ते २०१६ मुंबई एफसीची टीम खालिद जमील सांभाळत होता. बोलणं मोजकं, खेळ बचावाचा, बघायला कधी कधी जांभया येतील असा. पण दर वर्षी टीम आय-लीगमध्ये, म्हणजे क्लबांच्या राष्ट्रीय लीगमध्ये, टिकायची. २०१६ मध्ये क्लबच्या आणि त्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढच्याच मोसमात जमीलने मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. आणि मुंबई एफसी? त्याच मोसमात, त्याच लीगमध्ये तळाला जाऊन बाहेर पडली. पुन्हा वर आली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचा कोच झाला. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर आला तेव्हा आमच्या ग्रुपवर "आपला मुंबईचा माणूस!", आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ हरलो तेव्हा "याला काय कळतंय". दोन्ही मेसेज एकाच नंबरवरून.

नवे सर आलेत. आवाज एवढा खणखणीत की सिग्नलला उभे रिक्षावाले वळून बघतात. पालक तृप्त आहेत. गेल्या रविवारी आम्ही २-१ जिंकलोही, आणि तेव्हापासून ग्रुपवर जे फटाके फुटतायत त्यांचाच धूर डोक्यात जाऊन मी हे लिहायला बसलोय. "पाहिलंत? फरक पडतो की नाही?" पाहिलं हो, मी मैदानावर होतो. गोलकिक लांब, उजवीकडे तो उंच मुलगा, त्याने डोक्याने खाली पाडलेला चेंडू मधल्या छोट्याकडे, आणि गोल. दोन्ही गोल तसेच. ही कोणाची मांडणी होती? नव्या सरांना दुसरं काही बसवायला वेळच मिळालेला नव्हता. त्यांनी स्वतः तसं सांगितलं, माणूस प्रामाणिक आहे. ऐकायला मात्र कोणी थांबलं नाही, सगळे सेल्फीत.

आता उपाय बास. सरळ बोलतो.

तुम्हाला फुटबॉल कळत नाही, हा गुन्हा नाही. न कळता दुसऱ्याचं काम काढून घेणं हा आहे. पोरं तेरा वर्षांची आहेत. हरल्यावर काय करायचं असतं ते शिकायचं त्यांचं वय आहे, आणि ते शिकवणारा माणूस तुम्ही कटिंग पिता पिता घालवलात. ऑफिसात टार्गेट चुकलं म्हणून साहेबाने सगळ्यांसमोर आवाज चढवला की दादरपर्यंत ट्रेनमध्ये त्याला शिव्या घालत येता. तेच रविवारी सकाळी पैसे मोजून स्वतःच्या मुलासाठी विकत घेता? त्या गोलकीपरने परवाच्या जिंकलेल्या मॅचनंतर आईला विचारलं, "मी गोल खाल्ला, आता मलापण काढतील का?" बसा आता अंगठे देत.

आणि एक. जुन्या सरांचे दोन महिन्यांचे पैसे अजून दिलेले नाहीत. तो माणूस भल्या पहाटे विरारहून लोकल पकडून, खांद्यावर चेंडूंची जाळी घेऊन यायचा. खजिनदार म्हणतात, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. विषय कसला घेताय? त्यांचा नंबर ग्रुपवरून काढलात, तुमच्या फोनमध्ये आहे ना? जीपे करा. आत्ता करा.